अकरावीत जाणारा मुलगा, आठवीतली मुलगी : कपडे आणि भेटवस्तू निवडताना आमचे कुठे चुकते?

चरईकर

सर्वांना नमस्कार.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो. मुलगा यंदा दहावी उत्तीर्ण झाला असून त्याच्या अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू आहेत, आणि मुलगी आठवीत गेली आहे. आजवर दोघांचेही कपडे मीच आणत आले. शाळेचा गणवेश, घरात घालायचे चार जोड, दिवाळीला आणि वाढदिवसाला एकेक नवा पोशाख, एवढ्यात वर्ष सरत असे आणि त्यात कोणाची तक्रारही नसे. आता मुलाचा गणवेश सुटला, रोज रंगीत कपडे घालून जाण्याचे दिवस आले, आणि खरेदीला निघायचे म्हटल्यावर माझ्या ध्यानात आले की त्याला काय आवडते हे मला नीटसे ठाऊकच नाही.

गेल्या दिवाळीला मी राम मारुती रोडवरच्या एका दुकानातून त्याच्यासाठी २४०० रुपयांचा मोतिया रंगाचा कुर्ता आणला होता. नरक चतुर्दशीच्या पहाटे ठाण्यातली सगळी तरुण मुले नटूनथटून तलावपाळीकडे निघतात, तेव्हा तो घालेल अशी माझी समजूत होती. तो मात्र नेहमीचा काळा टी-शर्ट घालून गेला. विचारले तर "छान आहे आई, पण मी नाही घालणार" एवढेच म्हणाला. कुर्ता आजही लेबलासकट कपाटात आहे. तेव्हा मला फार वाईट वाटले आणि मी त्याला उद्धट ठरवून मोकळी झाले. आज वाटते की मी त्याला आधी विचारायला हवे होते.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. ती दोन साइज मोठे, ढगळ टी-शर्ट मागते. तिच्या आजीला ते 'मुलांचे कपडे' वाटतात आणि त्यावरून घरात बोलाचाली होतात. माझ्याबरोबर बाजारात यायला ती तयार नसते. मोबाईलवर दुव्यामागून दुवे पाठवत राहते. भरीस भर म्हणून मागच्या जूनमध्ये घेतलेले बूट तिला दिवाळीलाच चावू लागले.

मुलाच्या कॉलेजच्या कपड्यांसाठी आम्ही १०,००० रुपये बाजूला काढले आहेत. त्याच्या मामाला दहावीच्या यशाबद्दल ३००० रुपयांपर्यंतची भेट द्यायची आहे आणि काय द्यावे हे तो मलाच विचारतो आहे. मुलीचा वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे. ज्यांची मुले या वयातून गेली आहेत, किंवा ज्यांचा या व्यवसायाशी संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मापपट्टी

ताई, मी २८ वर्षे ठाण्यात तयार कपड्यांचे दुकान चालवले. आता ते पुतण्या पाहतो. तुमचा कुर्ता परत करण्याची वेळ निघून गेली असली तरी तो वाया गेलेला नाही, त्याविषयी शेवटी लिहितो. आधी मापाविषयी लिहितो, कारण दुकानात बदलून मागायला येणाऱ्या कपड्यांत रंगापेक्षा मापाच्या तक्रारी नेहमीच अधिक असत.

आपल्याकडे 'वाढत्या अंगाचे' कपडे घेण्याची जुनी रीत आहे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ती ठीक आहे, पण वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती फसते. मुलींची उंची साधारण ११ ते १२ आणि मुलांची १३ ते १४ वर्षांच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. ऐन भरात मुलगा वर्षाला ९ सेंटिमीटरच्या आणि मुलगी ८ सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकते. ही वाढ सगळीकडे एकाच वेळी होत नाही. आधी पावले वाढतात, मग हातपाय लांबतात आणि धड, खांदे, छाती सर्वांत शेवटी भरतात. म्हणून तुमच्या मुलीचे बूट सहा महिन्यांत चावू लागले यात ना दुकानदाराची चूक होती ना तुमची. आणि म्हणूनच या वयात एक साइज मोठा शर्ट घेतला की तो छातीत तंबूसारखा दिसतो आणि बाही मात्र वर्षाच्या आत आखूडच पडते. कपडा आजच्या मापाचाच घ्यावा आणि संख्या कमी ठेवावी, असे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो.

आता मुलांना जे ढगळ कपडे आवडतात, त्यांच्याविषयी पालकांचा एक मोठा गैरसमज असतो. ओव्हरसाइज्ड टी-शर्ट म्हणजे मोठ्या मापाचा साधा टी-शर्ट नव्हे. त्याचे बेतणेच वेगळे असते : खांद्याची शिवण मुद्दाम दंडावर उतरवलेली असते, छातीचा घेर मोठा असतो, पण गळा बेताचा आणि लांबी कमरेच्या थोडी खालीच थांबते. पालक पैसे वाचवण्यासाठी नेहमीचाच टी-शर्ट दोन साइज मोठा घेतात, मग गळा ओघळतो, लांबी मांडीवर जाते आणि मूल तो घालत नाही. जीन्सचेही तसेच आहे. बॅगी जीन्स कमरेत अगदी बरोबर बसली पाहिजे. सैलपणा मांडीत आणि पायाच्या मोहोरीत असतो. कंबर मोठी घेऊन पट्ट्याने आवळलेली जीन्स बॅगी होत नाही, ती नुसती चुणते.

मूल दुकानात यायला तयार नसेल तर एक उपाय सांगतो. आठवडाभर धुण्याच्या बादलीकडे लक्ष ठेवा. जो कपडा पुन्हा पुन्हा धुण्याला पडतो, तो त्याचा खरा आवडता कपडा. तो वाळला की सपाट जमिनीवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्यापासून खालच्या काठापर्यंत आणि बाहीची लांबी अशी तीन मापे इंचांत लिहून घ्या. एका कंपनीचा 'एल' दुसऱ्या कंपनीच्या 'एम'एवढाच भरतो, त्यामुळे लेबलवरच्या अक्षरापेक्षा ही तीन मापे कामी येतात. ऑनलाइन मागवताना मापाच्या तक्त्यात छातीचे माप अंगाचे दिले आहे की कपड्याचे, हे नीट वाचावे; बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

अकरावीचे वर्ग ऐन पावसाळ्यात भरतात हेही विसरू नका. जाड, शंभर टक्के सुती डेनिम जुलैमध्ये दोन-दोन दिवस वाळत नाही. तेव्हा सुरुवातीला एकच जीन्स, दोन हलक्या सुती सैल पँट, चार-पाच टी-शर्ट आणि दोन शर्ट पुरेत. उरलेले पैसे ऑक्टोबरसाठी राखून ठेवा, कारण कॉलेज सुरू झाल्यावर त्याला स्वतःलाच कळेल की काय हवे आहे. आपल्या शेजारच्या उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने आहेत आणि तिथला माल स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतच्या बाजारात मिळतो. दोन्ही पायांच्या शिवणी आणि खिशाचे टाके नीट पाहून घेतला तर तो मोठ्या नावाच्या जीन्सइतकाच टिकतो.

किमतीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरील कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. कर वगळून २५०० रुपयांचे जाकीट करासह २६२५ रुपयांना पडते आणि २६०० रुपयांचे ३०६८ रुपयांना, म्हणजे मूळ किमतीतल्या १०० रुपयांच्या फरकाला ४४३ रुपये मोजावे लागतात. शिवाय 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली तरी सदोष माल परत घेण्यास बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माप न बसल्यास बदलून देणे हे मात्र दुकानदाराच्या धोरणावर असते, तेव्हा पैसे देण्यापूर्वी विचारून ते बिलावर लिहून घ्यावे.

तुमच्या कुर्त्याची लांबी गुडघ्यापर्यंत असेल तर चांगल्या शिंप्याकडून ती मांडीच्या मध्यापर्यंत कमी करून घ्या आणि पुढची पट्टी खालपर्यंत उघडून शर्टासारखी बटणे लावून घ्या. आतून काळा टी-शर्ट आणि वरून उघडा कुर्ता, असा पेहराव सणाला ही मुले आनंदाने करतात. काही करण्याआधी मुलाला मात्र विचारा.

वाशीची आई

मापपट्टी दादांनी मुलाविषयी इतके चांगले लिहिले आहे की मी फक्त मुलीविषयी लिहिते.

तेराव्या वर्षी ढगळ टी-शर्ट मागणे हा नेहमीच फॅशनचा भाग नसतो. माझी मुलगी त्याच वयात उन्हाळ्यातही जाकीट काढत नसे आणि मी कित्येक महिने तिच्याशी त्यावरून हुज्जत घातली. तिला स्वतःच्या शरीरातल्या बदलांचा संकोच वाटत होता आणि आत घालायचे कपडे तिला नीट बसत नव्हते, हे मला फार उशिरा कळले. म्हणून आजींना एवढेच सांगावे की या वयात अंग झाकणारा कपडा मुलीला धीर देतो, त्यावर शेरा मारू नये.

सुरुवात आतल्या कपड्यांपासून करा. छातीच्या लगेच खाली टेपने घेतलेले माप हे पट्ट्याचे माप. पट्टा घट्ट, पण दोन बोटे सहज जातील असा असावा, कारण आधार पट्ट्याने द्यायचा असतो, खांद्यावरच्या बंदांनी नव्हे. खांद्यावर वळ उठत असतील तर बहुतेक वेळा पट्टा सैल असतो. दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे. ती धावत किंवा खेळत असेल तर स्पोर्ट्स ब्रा वेगळी घ्यावी. गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाआड पांढरी स्लिप अधिक उठून दिसते, त्वचेच्या रंगाची दिसत नाही. ही साधी गोष्ट मला दुकानातल्या ताईंनी सांगितली. आम्ही वाशीत एका छोट्या दुकानात कामकाजाच्या दिवशी दुपारी गेलो होतो. दुकानात गर्दी नव्हती, माप घेणाऱ्या बायकाच होत्या आणि बरोबर ना भाऊ होता ना बाबा. ती त्या दिवशी पहिल्यांदा न रडता खरेदी करून आली.

कापडाबद्दल माझा एक आग्रह आहे. आपल्या दमट हवेत घट्ट, कृत्रिम धाग्याच्या लेगिंग्जमध्ये घाम साचतो आणि जांघेत, काखेत गजकर्ण होते. आम्ही ते भोगले आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी सैल सुती कपडे, पूर्ण वाळलेलीच आतली वस्त्रे आणि औषधाच्या दुकानातून मनाने मलम न आणणे, असे तीन नियम घालून दिले, कारण अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते आणि त्याने गजकर्ण दबते, पण बरे होत नाही. तेव्हापासून आम्ही पावसाळ्यात लेगिंग्ज बंदच केल्या.

वाढदिवसाला कानातले द्यायचा विचार असेल तर खोट्या दागिन्यांपासून जपा. त्यांत निकेल असते आणि पुष्कळ मुलींच्या कानाची पाळी त्याने लाल होऊन चिघळते; एकदा का निकेल सोसेनासे झाले की तो त्रास जन्मभर राहतो. ९२५ शिक्क्याचे चांदीचे छोटे कानातले फार महाग पडत नाहीत आणि मुलीला मोठे झाल्यासारखेही वाटते.

कोलशेतकर

सर्व प्रतिसाद आदराने वाचले, पण माझे मत थोडे निराळे आहे. आम्ही चार भावंडे एकाच ताग्यातले शर्ट घालून वाढलो आणि त्याने आमचे काही बिघडले नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दहा हजार रुपये आणि निवडीचा अधिकार दिला तर तो मोबाईलवर जे दिसेल ते मागवणार. माझ्या मुलाने मागच्या वर्षी एका जोडी बुटांसाठी पंधरा दिवस अबोला धरला होता. आईवडिलांनी 'नाही' म्हणायला शिकणे हेही महत्त्वाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

फळा आणि खडू

मी ऐरोलीच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. कोलशेतकरांची काळजी मला रास्त वाटते आणि 'नाही' म्हणता आलेच पाहिजे, यातही दुमत नाही. फक्त ते 'नाही' कशाला म्हणायचे, हे ठरवावे लागते. रकमेला मर्यादा घालणे हा पालकांचा अधिकार आहे. रंगाला आणि बाहीच्या लांबीला रोज नाही म्हणत बसलो तर रकमेच्या 'नाही'ची किंमत उरत नाही.

जून-जुलैत माझ्या वर्गात जी मुले येतात, त्यांच्यातली कित्येक पहिले दोन आठवडे शेवटच्या बाकावर अंग चोरून बसतात. दहा वर्षे सगळे एकाच कपड्यात होते; आता पहिल्यांदाच कोणाचा कपडा कसा, हे दिसू लागते. या दिवसांत मुलाला सगळ्यांत महाग दिसायचे नसते, त्याला वेगळे पडायचे नसते. म्हणून मी पालकसभेत सांगते की वर्ग सुरू होण्यापूर्वी सगळी खरेदी करू नका आणि कॉलेजचा पोशाखाचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी फाटक्या धाटणीच्या जीन्स आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, काही ठिकाणी अकरावीलाही गणवेश असतो.

पैशांबाबत आमच्या घरात जे चालले ते सांगते. आतले कपडे, बूट, पावसाळी सामान आणि लग्नकार्याचा एक पोशाख यांचा खर्च आईवडिलांचा, आणि त्याबाहेरच्या कपड्यांसाठी सहा महिन्यांची एक रक्कम मुलाच्या हाती. ती कुठे, किती, कशावर हे तो ठरवणार, आम्ही मागितल्याशिवाय मत देणार नाही. पण रक्कम संपली तर पुढचा हप्ता येईपर्यंत एक रुपयाही अधिक मिळणार नाही. पहिल्या खेपेला माझ्या मुलाने ४००० पैकी २८०० रुपये एकाच जाकिटावर घालवले. मुंबईच्या हवेत ते डिसेंबर-जानेवारीतले आठ दिवस सोडले तर घालताच आले नाही. मी त्यावर एक शब्दही बोलले नाही, आणि न बोलणे मला फार जड गेले. दुसऱ्या खेपेला त्याने ऑनलाइन टोपलीत टाकलेली वस्तू दोन दिवस तशीच ठेवून मग विकत घ्यायला आपणहून सुरुवात केली.

बुटांच्या हट्टाविषयी एवढेच की नामवंत कंपनीच्या बुटांची 'फर्स्ट कॉपी' मिळते म्हणून ती घेऊन वेळ मारून नेऊ नये. ते नकली असतात हे मुलाला आणि त्याच्या मित्रांनाही कळते, आणि आपण खोट्याला संमती दिली असे होते. त्यापेक्षा कमी नावाच्या कंपनीचा खरा बूट बरा. संध्याकाळी पावले किंचित सुजलेली असतात, तेव्हा बूट त्या वेळी, मोजे घालून, उभे राहून पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी.

मामांच्या भेटीबाबत, बहुतेक नातेवाईक हेडफोन देतात. द्यायचे असतील तर आवाजाची मर्यादा ठरवून ठेवता येते असे द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार लहान मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. लोकलच्या खडखडाटात मुले नकळत आवाज त्याच्या कितीतरी वर नेतात. आणि दहावीचे बक्षीस म्हणून स्कूटर मात्र कोणीही देऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. १६ ते १८ वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचाच परवाना मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने नियम मोडून वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहून मला दररोज भीती वाटते.

पारसिक

मी १९ वर्षांचा आहे, नेरूळला राहतो आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे सगळे मोठे लिहीत आहेत, म्हणून मुलांच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटले.

काकू, तुमचा मुलगा "छान आहे, पण मी नाही घालणार" असे म्हणाला, त्यात उद्धटपणा नव्हता असे मला वाटते. त्याला तुमचे मन मोडायचे नव्हते आणि मित्रांत वेगळे दिसायचेही नव्हते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कशा सांगाव्यात हे सोळाव्या वर्षी सुचत नाही. मला तरी सुचत नसे. माझ्या आत्याने आणलेला एक चौकटीचा शर्ट मी ती येणार असेल त्याच दिवशी घालत असे आणि ती गेली की काढून ठेवत असे.

खरेदीला बरोबर आलात तर ट्रायल रूमच्या दाराशी उभे राहून "झाले का, दाखव बघू" असे कृपया म्हणू नका. आत आरशासमोर आधीच मनात बरेच काही चाललेले असते. दुकानातल्या माणसासमोर "याला पोट सुटले आहे, मोठा साइज दाखवा" हे वाक्य मी चौदाव्या वर्षी ऐकले आणि त्यानंतर दोन वर्षे आईबरोबर कपडे घ्यायला गेलो नाही. तुमची मुलगी फक्त दुवे पाठवते, त्यामागे असे काही आहे का हे पाहावे. आणि ती दुवे पाठवते म्हणजे ती तुम्हाला विचारतेच आहे. तिच्याबरोबर पलंगावर बसून ते एकेक पाहणे हीसुद्धा खरेदीच आहे.

भेटीविषयी सांगायचे तर मला आजवर मिळालेली सर्वांत आवडती भेट आजोबांचे एचएमटीचे चावीचे घड्याळ आहे. ते बारा-तेरा वर्षे बंद पडून होते. बाबांनी ते एका जुन्या घड्याळजींकडून साफ करून घेतले, नवा चामडी पट्टा बसवला आणि बारावीच्या निकालाच्या दिवशी दिले. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, हे मी त्यानंतर स्वतः शोधून वाचले. रोज सकाळी त्याला चावी द्यावी लागते आणि कॉलेजमध्ये ते पाहिले की मुले थांबून विचारतात. सगळा खर्च मिळून ९०० रुपये आला होता. प्रत्येक घरात असे घड्याळ नसते हे मला कळते, पण भेट द्यायची म्हणजे दुकानातच जायला हवे असे नाही, एवढ्यासाठी लिहिले.

दुकानातूनच द्यायची असेल तर मामांनी थेट त्याला विचारावे. मुले मामाला आईपेक्षा खरे उत्तर देतात.

चरईकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मला आधी करून पाहायचे होते.

धुण्याच्या बादलीचा उपाय मी शब्दशः केला. आठवड्यात चार वेळा एकच राखाडी टी-शर्ट धुण्याला पडला, तोही त्याच्या चुलत भावाचा जुना. मापे घेतली तेव्हा दिसले की मी त्याला गेली दोन वर्षे छातीत चार इंच घट्ट शर्ट आणत होते. १०,००० पैकी ६००० रुपये त्याच्या हाती दिले आणि उरलेले ऑक्टोबरसाठी ठेवले. गोखले रोडवर आम्ही दोघे गेलो, मी दुकानाबाहेर उसाचा रस पीत थांबले आणि त्याला एकट्याने आत जाऊ दिले. दीड तास लागला. तीन टी-शर्ट, एक जीन्स, एक सैल सुती पँट आणि एक शर्ट घेऊन तो आला, आणि बिल ४३५० रुपयांचे होते. रंग सगळे काळे आणि राखाडी. मला ते रंग आवडलेले नाहीत, पण मी काही बोलले नाही.

मामाने फोन करून विचारले तेव्हा त्याने हेडफोन मागितले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. त्याला पावसाचे आवरण असलेली, लोकलमध्ये पुढे घेता येईल अशी चांगली पाठपिशवी हवी होती. शाळेत सहा वर्षे एकच पिशवी वापरली आणि तिचा पट्टा तुटलेला होता, हे माझ्या नजरेतूनही सुटले होते. पिशवी नेहमी दोन्ही खांद्यांवर घ्यायची आणि तिचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक होऊ द्यायचे नाही, एवढे मामाने त्याच्याकडून कबूल करून घेतले. २०२० च्या दप्तर धोरणात हीच मर्यादा आहे, असे मामा म्हणाला.

मुलीबरोबर मी वाशीच्या ताईंनी सांगितले तसेच केले. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही, कारण ती हे वाचू शकते आणि ते तिचे खासगी आहे. पण तो मोतिया कुर्ता मी तिच्या भावाला विचारून शिंप्याकडे नेणार होते, तेवढ्यात तिने तो स्वतःहून मागितला. आता ती तो बाह्या दुमडून जीन्सवर घालते, आणि तिच्या आजी, ज्या ढगळ कपड्यांवर रागावत असत, त्यांना ती त्यात फार गोड दिसते.

आजींनी तिच्या वाढदिवसासाठी त्यांची एक जुनी इरकल साडी काढून दिली आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत घालता येईल असे बिनबाह्यांचे जाकीट त्यातून शिवावे, अशी मुलीची इच्छा आहे. साडी चाळीस वर्षांची आहे. मापपट्टी दादा, ती शिवण सोसेल का?

मापपट्टी

ताई, सोसेल, पण आधी साडी पूर्ण उलगडून उजेडासमोर धरा. जुने कापड घडीवर विरलेले असते. जिथे उजेड आरपार दिसेल तिथे खडूने खूण करून तो भाग बेतताना टाळायला सांगा. मुंढा (बाहीच्या जागेची गोलाई) आणि पाठ या ताण येणाऱ्या जागांसाठी साडीच्या मधले कापड घ्यावे, आणि पदराची रेशमी बाजू पुढच्या पट्ट्यांवर घ्यावी, तिथे ताण येत नाही. पूर्ण जाकिटाला पातळ सुती अस्तर लावा, पण अस्तराचे कापड आधी रात्रभर भिजवून वाळवून घ्या, नाहीतर ते पहिल्या धुण्यात आटेल आणि वरचे कापड चुणेल. दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवायला सांगा. पाडव्यापर्यंत मुलीचे माप बदललेले असेल, तेव्हा शिवण उसवून जाकीट सैल करता येईल. टीप बारीक नको, जरा लांब टाक्याची घाला, कारण बारीक टाक्याने जुन्या कापडाला ओळीने भोके पडून ते तिथेच फाटते.

उरलेले काठ टाकू नका. मोबाईल ठेवण्याइतकी एक छोटी पिशवी त्यातून निघेल.